तारखेकडचं टोक

पट्टी कापताना कात्री कुठून चालवायची
हे शेठनं पहिल्याच दिवशी दाखवलं:
तारखेकडचं टोक आपल्याकडे ठेवायचं.
गिऱ्हाईक तीन-चार गोळ्या घेऊन जातं,
त्या कधी मरणार
ते आमच्या फळीवर राहतं.

कळव्याच्या दवाखान्यासमोर
एका ओळीत सहा मेडिकल. आमचं चौथं,
झेरॉक्सवाल्याला लागून.
आत खिडकीवर औषध फुकट,
असलं तर.
नसलं तर केसपेपरच्या कोपऱ्यात
निळ्या पेनानं एकच शब्द: बाहेरून.
तो शब्द रिक्षा चुकवत
रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येतो.
कधी लंगडत येतो, कधी सलाईनची सुई हातात तशीच ठेवून.

अनुबाई केणी विटाव्याच्या.
घरी पाकिटांवर टिकल्या चिकटवतात,
नखांत कायम लाल-मरून चमक.
काउंटरवर बोटं मोडत हिशेब करतात, मोठ्यानं,
मागच्या माणसाला ऐकू जाईल असा:
"म्हंजे एक गोली
माज्या दीड ग्रोस टिकल्या.
चार दिसांच्या दे.
थांब. तीनच दे."

मी पट्टी उलटी धरतो.
चांदीच्या कागदावर ओळीनं गोल गोल फुगे,
त्यांच्या पाकिटासारखेच.
"दुसरी नाय का रं, हलकी?"

आहे.
खालच्या खणात आहे, तीच, दुसऱ्या कंपनीची.
छापील किंमत एकशे वीस,
आम्हाला पडते चौदाला.
ती कुणाला किती टक्के सोडून द्यायची
ते शेठ गिऱ्हाईकाच्या चपलांकडे बघून ठरवतो.
शेठ समोरच बसला होता.
मी म्हणालो, डॉक्टरांनी हीच लिहिलीय.
खोटं नव्हतं ते.
कात्री चालली, तीन गोळ्या,
कागदी पाकिटावर मी सूर्य काढला, चंद्र काढला,
अक्षर नसलेल्यांसाठी काढतो तसा.
चंद्र जरा जास्तच छान काढला.

मंगळवारी आमचं दुकान बंद.
सकाळी साडेसहाला मी खिडकीच्या रांगेत,
बाबांचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून.
गोळी तीच. साखर तीच.
सहा वर्षं विकतोय, पण माझ्या पगारात
महिन्याच्या तीस बसत नाहीत.
रांगेत माणसं कमी, वस्तू जास्त:
पाण्याची बाटली, एक वीट, दोन चपला,
आणि टिकल्यांच्या पुठ्ठ्याचा गठ्ठा,
वर दगड ठेवलेला.

अनुबाई चहा पिऊन आल्या.
मला बघितलं. खालपासून वरपर्यंत.
वाटलं आता बोलतील, सगळ्यांसमोर बोलतील,
बोलल्या तर ऐकायचं ठरवलं होतं मी.
त्यांनी पुठ्ठा पायानं थोडा पुढं सरकवला,
मागच्या बाईला म्हणाल्या,
"यो माज्यासंगं हाय."

दहा वाजता खिडकी उघडली.
माल आला होता.
अख्ख्या पट्ट्या, न कापलेल्या,
पाठीवर लाल अक्षरात: विक्रीसाठी नाही.
अनुबाईंनी ते अंगठ्यानं चोळून पाहिलं,
निघतंय का म्हणून.
मग पदराच्या गाठीतून
माझा तो तीनचा तुकडा काढला, एक गोळी उरलेला.
"याची तारीख कुटं रं?
बघून घ्याची म्हनं, ती सिस्टर बोलली."

मी म्हणालो, दुकानात आहे.
"माजी तारीख तुज्या दुकानात?"
हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
पुठ्ठा उचलला, डोक्यावर घेतला.

बुधवारी शेठ यायच्या आधी
फळीवरचे तुकडे उपसले.
कापलेली कड ओळखू येते आपली आपल्याला,
माझी कात्री शेवटी जराशी डावीकडे वळते.
सापडला. सात गोळ्या.
पुढच्या वर्षीचा जून.
बिलाच्या पाठीवर लिहून
वरच्या खिशात ठेवलंय.

तीन आठवडे झाले, अनुबाई आलेल्या नाहीत.
म्हणजे खिडकीत माल असणार.
शेठ म्हणतो, यंदा धंदाच नाही रे.
मी मान हलवतो.
खिशातला कागद एकदा धुण्यात गेला,
अक्षर पुसट झालं,
पुन्हा गिरवलं.